माझ्या नावावरची कामं

१

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मी तक्रारी वाटण्याचं काम करतो. दिवसभर लोक मेल पाठवतात. दार अर्धंच उघडतंय, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट चार बोटं खाली थांबतेय, वर जाताना कुणी दात खातंय असा आवाज येतोय. मी तो मेल वाचतो आणि एखाद्या मेकॅनिकच्या गळ्यात घालतो. हे सगळं मोबाइलवरच. मेलवर अंगठा दाबून धरायचा, खालून एक पट्टी वर येते, तिच्यातलं 'टास्क करा' निवडायचं. मग अ‍ॅप दोनच गोष्टी विचारतं. कुणी? कधी? दोन टिचक्या मारल्या की मेल नाहीसा होतो आणि त्याचं काम होतं.

आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. मेलमधून काम तयार झालं तरी 'काम झालं', आणि ते उरकलं तरी 'काम झालं'. मी सहा वर्षं या सोयीवर जगलो. ऑफिसात मला 'झटपट' म्हणायचे. सकाळी बसमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत माझा इनबॉक्स कोरा झालेला असायचा, आणि मी त्याच तोऱ्यात जिना चढायचो.

आईचे मेलही त्याच इनबॉक्समध्ये यायचे. तिचे कान सत्तरी उलटल्यावर गेले, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. छापखान्यात तीस वर्षं तिने मुद्रितं तपासली होती. मेल लिहायची तेव्हाही एक स्वल्पविराम इकडचा तिकडे होत नसे.

"विषय : नळ.
चिरंजीव, स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे. थेंबांचा आवाज मला येत नाही, हा बहिरेपणाचा फायदा. परंतु बादली भरते. सवडीने ये. घाई नाही. आई."

प्रत्येक मेलच्या शेवटी 'घाई नाही' असायचं. मी ते शब्दशः खरं धरायचो. अंगठा दाबायचो, 'टास्क करा', कुणी? 'स्वतः'. कधी? शनिवार. शनिवार आला की त्याच अ‍ॅपमध्ये 'पुढे ढकला' असं बटण होतं.

आई परगावी नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून सव्वा तास. मी एकटा राहतो, माझ्यामागे कसली झंझट नव्हती. माझ्या नावावर त्या वेळी चौदा कामं होती. नळ, पुस्तकांच्या फळीचा निसटलेला स्क्रू, चष्म्याची सैल दांडी, माळ्यावरची पेटी खाली काढणं. सगळी तिची.

२

एका मंगळवारी चौदाची तेरा झाली.

'नळ' या शब्दावर आडवी रेघ होती आणि शेजारी बरोबरची हिरवी खूण. पूर्ण झाल्याची वेळ, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. मला वाटलं, खिशात बोट लागलं असेल. चार दहाला तर मी साप्ताहिक बैठकीत बसलो होतो आणि मोबाइल टेबलावर उपडा पडला होता. ती खूण काढावी असं मनात आलं. पण तेरा हा आकडा चौदापेक्षा बरा दिसत होता. ठेवली तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये तिचा मेल आला.

"विषय : नळ झाला.
चिरंजीव, काल आलास, बरं वाटलं. वायसर बदलल्यापासून एक थेंब नाही. चहा मात्र अर्धा टाकून गेलास. एवढी कसली घाई?"

मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा भीती वाटली ती वेगळीच. म्हटलं, आई आता विसरायला लागली. कुणीतरी नळ दुरुस्त करणारा बोलावला असेल, आणि चष्म्याची दांडी सैल, तेव्हा समोर कोण हे नीट दिसलं नसेल. वयात असं होतं. एकदा डॉक्टरांना दाखवायला हवं.

मी त्या मेलवर अंगठा दाबून धरला आणि टास्क केलं. 'आईला डॉक्टरकडे नेणं.' कुणी? स्वतः. कधी? शनिवार.

खरं सांगायचं तर त्या काळजीच्या खाली मला हलकं वाटलं होतं. नळ झाला होता.

३

पुढच्या दोन आठवड्यांत चष्मा झाला, फळी झाली, पेटी खाली आली. दर वेळी दुपारची वेळ, दर वेळी मी ऑफिसात.

आमच्याकडे एक जुने मेकॅनिक आहेत, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. हाताला कायम ग्रीसचा वास. त्यांना मोबाइल दाखवून विचारलं, "उस्ताद, हे अ‍ॅप आपलं आपण टिक मारू शकतं का?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुणाचं काम आहे?"

"माझं. घरचं."

"मग साहेब, तुम्हीच मारली असणार. आमच्या नावावरची कामं कधी आपोआप झालेली बघितली नाहीत मी." हसले, आणि मग हसता हसता थांबून म्हणाले, "इथे खाली नोंद असते ना? कुणी केलं त्याची?"

नोंद होती. मला ती माहीत नव्हती, कारण माझी कामं कधी नोंदीपर्यंत पोचलीच नव्हती. उस्तादांनी काळ्या नखाने स्क्रीन वर सरकवली.

'पूर्ण करणारा : स्वतः.'

"बघा," ते म्हणाले. "स्वतः."

मी पासवर्ड बदलला. मोबाइल बंद करून चालू केला. अ‍ॅप काढून पुन्हा घातलं. त्याच दुपारी 'डॉक्टरकडे नेणं' यावर खूण पडली आणि संध्याकाळी आईचा मेल आला. रक्त तपासलं, डोळे तपासले, डॉक्टर म्हणाले डोकं तल्लख आहे, मुलालाच विसराळूपणा असेल. ते वाक्य लिहिताना ती हसली असणार. तिच्या त्या पूर्णविरामातूनसुद्धा मला ते कळलं.

४

शनिवारी मी गेलो. बऱ्याच महिन्यांनी. भर अकरा वाजता, लख्ख उन्हात.

आईच्या घराच्या खाली एक काकू शिवणाचं मशीन घेऊन दारातच बसतात. त्यांनी पाय थांबवला आणि मशीनचा आवाज बंद झाला.

"काय रे, काही राहिलं का वर?"

"काय राहिलं?"

"आत्ताच तर उतरलास ना." त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "शर्ट बदललास वाटतं."

मी काहीतरी हसलो आणि जिना चढलो. काकूंना चार माणसं ओळखू येतात, रोज चाळीस ये-जा करतात, गडबड होणारच, असं मी दर पायरीला स्वतःला सांगत होतो.

आईने दार उघडलं. तिच्याकडे बटण दाबलं की आत दिवा लागेल अशी बेल होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण आश्चर्य नव्हतं. महिनोन्‌महिने न दिसलेल्या मुलासाठी आईचा चेहरा असा नसतो.

"परत आलास? किल्ली विसरलास का?"

घर स्वच्छ होतं. नळ कोरडा. ओट्यावर दोन कप धुऊन उपडे घातलेले, दोन्हींच्या खाली अजून पाण्याचं कडं. मी फळीपाशी गेलो. चार नवे स्क्रू होते आणि चारींच्या खाचा उभ्या होत्या, एका रेषेत. ही खोड बाबांची. स्क्रू पुरता बसला तरी खाच उभी येईपर्यंत त्यांचं समाधान व्हायचं नाही. त्यांच्यानंतर ती फक्त माझ्यात आहे. कुठलाही कारागीर असली उठाठेव करत नाही.

"आई, कोण येतं इथे?" मी विचारलं. तिने ओठ वाचायचा प्रयत्न केला, मग टेबलावरची वही पुढे केली. मी लिहिलं, 'तुज्याकडे कोण येतं?'

तिने पेन घेतलं. आधी 'तुज्याकडे'तला ज खोडून वर झ केला आणि समासात छापखान्यातली दुरुस्तीची खूण काढली. मग खाली उत्तर लिहिलं.

'तू.'

पुढे पूर्णविराम. माझ्याकडे बघून म्हणाली, "दुसरं कोण येणार?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी बसलो असतो, भांडलो असतो, कदाचित रडलोही असतो. पण ती अगदी तृप्त दिसत होती. तिने खुर्ची ओढली, "बस," म्हणाली. मी घड्याळ दाखवलं, ऑफिसचं कारण सांगितलं. शनिवारी आमचं ऑफिस बंद असतं हे तिला माहीत होतं. तरी तिने मान डोलावली.

दारात म्हणाली, "सकाळी तर म्हणालास, आज दिवसभर मोकळा आहे."

५

यानंतर मी काय करायला हवं होतं, याची मोठी यादी आहे माझ्याकडे. पोलिसात जायला हवं होतं. कुलूप बदलायला हवं होतं. दोन दिवस रजा काढून आईच्या घरात बसायला हवं होतं, म्हणजे तो जो कुणी होता तो आला असता तर समोरासमोर काय ते झालं असतं.

मी यातलं काहीच केलं नाही. मी मेलचं टास्क करत राहिलो.

घाबरून केलं नाही, असं म्हणता येईल. पण भीती फक्त बसमध्ये वाटायची, बसमधून उतरलं की कामाच्या धबडग्यात विरून जायची. उरायची ती सोय. आईचा मेल यायचा, मी अंगठा दाबायचो, 'स्वतः', आणि 'कधी?' हा प्रश्न मी रिकामा सोडायला लागलो. दोन-तीन दिवसांत खूण पडायची. माझी यादी आयुष्यात पहिल्यांदा कोरी झाली. वार्षिक आढाव्यात साहेब म्हणाले, तुझ्या चेहऱ्यावरचा ताण गेलाय हल्ली.

आईचे मेल मात्र बदलत चालले. कामं कमी झाली, गप्पा वाढल्या. 'काल तू म्हणालास ते पटलं.' 'काल तू बाबांची नक्कल केलीस, अजून हसू येतं.' मला नक्कल येते हे मीच विसरलो होतो.

आणि मग एक मेल आला.

"विषय : तू सांगितलंस ते.
चिरंजीव, काल तू ते सांगून टाकलंस, बरं केलंस. माझ्या वाढदिवसाला कोपऱ्यापर्यंत येऊन, माझी खिडकी पाहून परत गेलास. टेबललॅम्प हातात होता म्हणालास. ऑफिसात अडकल्याचा मेल तू त्या कोपऱ्यावर उभा राहून लिहिलास. मला राग आला नाही. तीन तास बहिऱ्या बाईसमोर ओरडून बोलायचं म्हणजे कुणालाही कंटाळा येईल. परंतु सांगितलंस, हे मला फार वाटलं."

बस माझ्या स्टॉपवर थांबली, सुटली, पुढच्या स्टॉपवर गेली. मी बसूनच होतो.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. त्या कोपऱ्यावर त्या संध्याकाळी कुणी नव्हतं. मी होतो आणि बंद दुकानाची काच होती. नळ, फळी, डॉक्टर, या सगळ्याला मी ओढूनताणून काहीतरी अर्थ लावला होता. याला लावता येईना. आणि त्या भीतीच्याही वर, सांगायला लाज वाटते, मला मत्सर वाटला. माझ्या चुकीची क्षमा दुसराच कुणीतरी घेऊन गेला होता.

६

पावणेदोन महिन्यांनी, एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, तिचा मेल आला.

"विषय : नुसतं ये.
चिरंजीव, काम काही नाही. सगळं झालं. नुसतं ये आणि बस."

या वेळी 'घाई नाही' नव्हतं.

हे माझ्या लक्षात आलं तोवर अंगठ्याने आपलं काम केलं होतं. पट्टी वर आली होती, 'टास्क करा' दाबलं गेलं होतं, 'स्वतः' निवडलं गेलं होतं. मी खूप प्रयत्न केला ते मागे घ्यायचा. पुसून टाकलं की यादी हलायची आणि ते पुन्हा तिथेच असायचं, 'नुसतं ये'. मी डबा तसाच टाकला, उस्तादांना म्हणालो, साहेबांना सांगा मी गेलो, आणि बस पकडली.

तिच्याशी आधी बोलायला हवं होतं, पण बहिऱ्या माणसाला फोन कसा करणार. मी मेल लिहिला, 'आई मी येतोय, मी, दुसऱ्या कुणाला घरात घेऊ नकोस.' पाठवला. दुसरी बस मिळायला वीस मिनिटं गेली. पुलावर असताना खिसा थरथरला. तीन वाजून वीस मिनिटं. हिरवी खूण.

काकूंचं मशीन चालू होतं, त्यांनी वर पाहिलं नाही. मी जिना चढलो. पहिल्या वळणावर मला आई हसताना ऐकू आली. ती मोठ्यांदा हसायची, स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे. आणि त्या हसण्याच्या मधून एका पुरुषाचा आवाज येत होता. वर्तमानपत्र वाचत होता, एकेक शब्द सुटा, चढ्या पट्टीत, बहिऱ्याला वाचून दाखवतात तसा. मध्ये थांबून बातमीवर काहीतरी शेरा मारायचा, की आई पुन्हा हसायची.

तो आवाज मी ओळखला. ऑफिसातल्या बैठकांच्या रेकॉर्डिंगमध्ये मी तो ऐकलेला आहे. मला तो कधीच आवडलेला नाही.

दार लोटलेलं होतं, वीतभर फट. आई समोर खुर्चीत होती, उजेड तिच्या चेहऱ्यावर. तिच्यासमोरची खुर्ची माझ्याकडे पाठ करून. खुर्चीच्या हातावर एक कोपर, दुमडलेली बाही, आणि पाठीच्या वर डोक्याचा मागचा भाग. डाव्या बाजूला केसांचा भोवरा आणि त्याच्या मधोमध विरळ झालेली, रुपयाएवढी जागा. माझी अशी जागा झाली आहे का, मला माहीत नव्हतं. आपलं डोकं मागून आपण कधी बघतो? माझा हात आपोआप मागे गेला आणि बोटांना ती लागली. तिथेच, तेवढीच.

आईने मला पाहिलं.

तिने ओळखलं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं, दारात कुणी विक्रेता आला असं तिला वाटलं. कधी वाटतं, तिला सगळं कळत होतं, पहिल्या दिवसापासून. तिने हसू आवरलं नाही. फक्त मांडीवरचा हात उचलून अलगद हलवला. आत्ता नको, असा.

वाचणारा थांबला. त्याने मान वळवायला सुरुवात केली. खुर्ची करकरली.

मी उतरलो. धावत. पुष्कळदा मी स्वतःला सांगितलं आहे की भीतीने पळालो. कोपऱ्यावर गेल्यावर मात्र मला कळलं की मी शरमेने पळालो. त्या खोलीत परका मी होतो.

७

यानंतर आईचा मेल आला नाही. एक दिवस, दोन दिवस. मी रोज सकाळी बसमध्ये बघायचो, बाकीचे मेल वाटायचो, पुन्हा बघायचो. जावं असं रोज वाटायचं. जाऊन त्या खुर्चीत कुणाच्या मांडीवर बसणार होतो?

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, काकूंचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नसत.

"पोचलास का रे घरी?" आवाज बसलेला होता. "थोडं पड आता. खाऊन घे काहीतरी. तुझ्या ताईला मी कळवलंय, ती निघालीय तिकडून. बाकीचं आम्ही बघतो इथे."

"काकू, काय झालं?"

त्या रडायला लागल्या. "असं काय रे करतोस," म्हणाल्या. "असं नको ना करूस. तुझ्या हातात तर गेली."

काकूंकडून कसंबसं नाव काढून घेतलेल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर नर्सने मला पाहिलं आणि उठून उभी राहिली. "तुम्ही कशाला परत आलात? मी सांगितलं ना, दुपारपर्यंत काही लागणार नाही तुमचं." तिने मला पाणी दिलं. पाच दिवस आई तिथे होती. पाच दिवस. मला कुणी कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काय होतं? मी तिथेच होतो. काकूंनी मला रोज पाहिलं होतं, डॉक्टर माझ्याशी रोज बोलले होते. कागद पुढे आले. दाखल करतानाची सही, रक्त चढवण्याची संमती, आणि शेवटचा तो कागद. नातं : मुलगा. सही माझी. शेवटच्या अक्षराची शेपटी मी जशी ओढतो, तशीच.

"सगळ्यांचीच मुलं अशी नसतात," नर्स म्हणाली. "एक मिनिट हात सोडला नाहीत."

तिने सहज माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते खिशात घातले.

८

ताई दुसऱ्या दिवशी पोचली. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दोन विमानं बदलून येण्याएवढ्या लांब राहते. पहिले काही दिवस माणसांत गेले. येणारा प्रत्येक जण माझ्या पाठीवर हात ठेवायचा. आईने किती जणांना माझ्याबद्दल लिहिलं होतं, ते तेव्हा कळलं. छापखान्यातल्या तिच्या जुन्या मैत्रिणीने तर माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मी नको नको म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

मग माणसं ओसरली आणि एका दुपारी आम्ही दोघं घर आवरायला बसलो. ताई जमिनीवर, चहूबाजूंनी खोकी. मी तिच्यासमोर, आईच्या वह्या गठ्ठ्याने बांधत होतो. बाहेर ऊन होतं, खाली काकूंचं मशीन चाललं होतं.

"मी तिकडे निर्धास्त होते ती तुझ्यामुळे," ताई म्हणाली. "आधी वाटायचं, हा नुसता टोलवतो. रागही यायचा तुझा. पण या वर्षी तू जे केलंस ना... मला लिहायची ती. सगळं लिहायची."

मी बोलून टाकलं. "ताई, मी नव्हतो."

"काय नव्हतास?"

"इथे. मी कधीच आलो नाही. हॉस्पिटलातही नव्हतो."

तिने हातातली शाल खाली ठेवली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. लहानपणी थोपटायची तसंच. "सगळ्यांना असंच वाटतं रे. कितीही केलं तरी आपण नव्हतोच असं वाटतं. मला बघ, मी तर खरंच नव्हते."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. ती डोळे पुसत होती, तिच्या मनात माझी एक मूर्ती तयार झाली होती, आणि ती मोडून तिच्या हातात मी काय देणार होतो?

"एक विचारू?" ती म्हणाली. "शेवटी काय म्हणाली रे आई? काकू म्हणाल्या, पहाटेपासून बोलत होती तुझ्याशी. हळू आवाजात. आईला हळू बोलता यायचं, हेच मला खरं वाटत नाही."

मी वह्यांच्या गठ्ठ्याची गाठ मारत राहिलो. सुटली, पुन्हा मारली. काहीतरी रचून सांगावं असं वाटलं. तुझी आठवण काढली, म्हणावं. सगळेच तसं म्हणतात. पण आईच्या तोंडी घालायला माझ्याकडे तिचं एकही खरं वाक्य नव्हतं. तिचा शेवटचा शब्द मी वाचला होता, ऐकला नव्हता.

"सांग ना," ताई म्हणाली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती, जराशी वर, खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघतो तेवढी. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल नव्हतं. ती वाट बघत होती.

माझ्या पाठीमागे खुर्ची करकरली. कुणीतरी पुढे वाकून बसलं. श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तो.

"सांगतो," माझा आवाज म्हणाला. मला आयुष्यात कधी न जमलेल्या सावकाशीने.

तो सांगत होता आणि ताई मान हलवत ऐकत होती. तिचे डोळे भरून आले, मध्येच ती खुदकन हसली, "अगदी तिचंच वाक्य," म्हणाली, आणि पुन्हा रडली. माझी मान ताठरली होती. मानेवर कुणाचा तरी उबदार श्वास लागत होता. मागे वळायला अर्धा क्षण पुरला असता, आणि एकदाचं कळलं असतं.

मी वळलो नाही. वळलो तर तो थांबेल असं वाटलं, आणि आई काय म्हणाली ते मलाही ऐकायचं होतं.